नवसाची नभनौका

गुरुवार, ६ जून, बुद्धसंवत २५६७

विचियन, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. माझ्या लेकीने, पिकुनने, ही वही सोंगक्रानच्या सणाआधीच आणून दिली होती. पण आधी पेन सापडेना, मग चष्म्याची काडी मोडली, मग वाटलं सिनेमा बघितल्याशिवाय काय लिहायचं. खरं कारण वेगळंच. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. माझं अक्षर बघून तू हसशील अशी भीती वाटते. मग आठवतं की तुला आता हसताही येत नाही, निदान आवाज काढून नाही, आणि हातातलं पेन खाली ठेवावंसं वाटतं.

ऑपरेशनला बँकॉकला निघालास त्या सकाळी स्टेशनवर तू मला बाकावर बसवलंस. घसा इतका बसला होता की तुझ्या तोंडाशी कान न्यावा लागला. म्हणालास, "माकुल्या, नवी नभनौका आली की बघून ये. मला बघायला मिळेल की नाही कोण जाणे. सगळं लिहून ठेव. पण नुसत्या शिव्या नकोत. तू चिडलास की आंधळा होतोस. जे बरं असेल तेही लिही." मी हो म्हणालो. म्हणून ही वही.

तुझी ओरतय ही वाचेल, आणि तिला आपल्या जुन्या गोष्टी ठाऊक नाहीत, म्हणून थोडं तिच्यासाठी लिहितो. पोरी, तुझा बाप औषधकंपनीच्या गाडीतून गावोगाव फिरायचा. शेतात कापडी पडदा लागायचा. तुझा बाप गाडीत माईकसमोर बसून फिरंगी सिनेमांतल्या माणसांना आपल्या भाषेत आवाज द्यायचा. कप्तान तोच, राक्षस तोच, बाईसुद्धा तोच. ऐन मारामारीत सिनेमा थांबवून कंपनीच्या जंताच्या गोळ्या आणि पोटाची पूड विकायचा. मी समुद्रातले सुके माकुल भाजून विकायचो. पुढच्या जागा उसाच्या रसवाल्यांनी धरलेल्या, म्हणून माझा गाडा कायम पडद्याच्या मागे. नभनौकेचे सातही सिनेमे मी तिथूनच बघितले, चरकात माकुल घालून दांडा फिरवता फिरवता. किती वेळा, ते मोजलं नाही. मिठाची पोती घेऊन ताऱ्याताऱ्यांतून हिंडणारी ती गंजकी नौका आणि तिचा कप्तान दाम, हे मला माझ्या चुलत्यांपेक्षा जवळचे.

आता आठवा भाग आला आहे. वीस वर्षांनी. रविवारी जाणार.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. तुला ऑपरेशनला आत नेलं त्या दिवशी मी नदीच्या वळणावरच्या गावदेवाच्या, चाओ फोच्या देवळीत गेलो. उदबत्त्या लावल्या आणि बोललो की विचियन जिवंत बाहेर आला तर नभनौकेचा नवा सिनेमा तुमच्यासमोर पडदा लावून दाखवीन. अख्खा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. अख्खा असं मुद्दाम म्हणालो, कारण नवसाचे सिनेमे लोक अर्धे दाखवून पडदा गुंडाळतात. चाओ फोला काय कळत नाही?

तू बाहेर आलास. आवाज आत राहिला, पण मी आवाजाचं काही बोललोच नव्हतो. चूक माझी.

रविवार, ९ जून

बघून आलो. अंगाला अजून वास येतोय.

सकाळच्या गाडीने नाखोन सावनला गेलो, पिकुन सोबत होती. मॉलमध्ये शिरताच लोण्याचा गोड, शिळा दर्प आला. आणि तिथे काय विकत होते? या सिनेमात एक नवीन हिरवं पिल्लू आहे, मोठ्या डोळ्यांचं, नाकातून शेंबूड लोंबणारं. त्याचं डोकं. प्लास्टिकचं डोकं. कवटी उघडायची आणि आत हात घालून लाह्या खायच्या. माझ्या शेजारचा चांगला कमावता वाटणारा गृहस्थ मेंदूच्या जागी हात घालून खात होता. मी तोंड फिरवलं तर पलीकडे त्याची बायको तेच करत होती.

आता सिनेमा. विचियन, मी शिव्या आवरतोय.

नौका पांढरी केली आहे. आपली नौका! जिच्या पत्र्याला पत्रा जोडलेला होता, जिच्या दारातून मीठ गळायचं, ती आता श्रीमंताच्या न्हाणीघरासारखी दिसते. पहिल्याच प्रसंगात कप्तान दाम दारू पिऊन ओकतो. पडदाभर ओकतो. लोक हसले. ज्या माणसाने पाचव्या भागात तहानेने मरताना स्वतःच्या वाटणीचं पाणी शत्रूला दिलं, तो आठव्या भागात शेंबड्या पिल्लावर ओकतो आणि पिल्लू ते चाटतं. मी डोळे मिटले तरी आवाज येतच होता.

कप्तान उजव्या हाताने लढतो! कप्तान डावरा आहे हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. साती भागांत डावरा. एवढे पैसे ओतणाऱ्यांना एक साधा हात सांभाळता आला नाही.

पोटाची पूड कुठेच नाही. प्रत्येक मोठ्या लढाईआधी कप्तान चिमूटभर पूड पाण्यातून घ्यायचा आणि म्हणायचा, "पोट साफ तर नेम साफ." या वेळी नुसतीच बंदूक उचलतो.

साय मावशीला मुकं केलं. हे मला सगळ्यात लागलं. नौकेवरची ती स्वयंपाकी यंत्रबाई, कप्तानाला सुपनकडच्या गावरान हेलात झाडायची, "मेल्या, जग वाचवशील, आधी भात वाचव, करपतोय!" ती आता फक्त टूं टूं करते. डोक्यावरचा दिवा लावते आणि टूं टूं. सिनेमाभर एक शब्द नाही. जिचा आवाज ऐकायला माणसं सात गावं ओलांडून यायची, तिला टूं टूं!

आणि आई. मिठाच्या चंद्रापाशी पोचलं की कप्तान खिडकीशी उभा राहून मेलेल्या आईशी बोलायचा. "आई, मीठ पोचतं केलं. कोणाच्या ताटात अळणी राहणार नाही." तू ते म्हणताना शेतातली कुत्रीसुद्धा गप्प व्हायची. या वेळीही चंद्र आला, कप्तान खिडकीशी गेला, मी पिकुनचा हात धरला. आणि तो काही बोललाच नाही. नुसता बघत राहिला. बराच वेळ. बोल की रे, असं मी मोठ्याने म्हणालो. मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, घरी जाऊन बोला."

शेवट तर सांगवत नाही, पण अख्खं लिही म्हणालास. कप्तानाचा नातू त्याला पाठीत गोळी घालतो. कप्तान नौकेच्या कचऱ्याच्या नळीतून खाली पडतो. कचऱ्याच्या! त्याचे साथीदार रडतात, पेटी आकाशात सोडतात, आणि लगेच ते पिल्लू शिंकतं म्हणजे आपण हसावं.

बाहेर आल्यावर पिकुन म्हणाली, "बाबा, काहीतरी खाऊन घ्या, तुमचा चेहरा पांढरा पडलाय."

मी म्हणालो, "नौकेसारखा."

सोमवार, १० जून

रात्री झोप नाही. तू बरं तेही लिही म्हणाला होतास. लिहितो, दात ओठ खात.

वादळ चांगलं आहे. मिठाचं वादळ नौकेवर येतं तेव्हा वाळूसारखा आवाज होतो, मी पाय वर घेतले. इंजिनाचा जुना घरघराट तसाच ठेवला आहे, तेवढी लाज राखली. नौका हाकणारी एक नवीन पोरगी आहे. तिचा दांड्यावरचा हात बघून मला वाटलं, हिने कधीतरी खरंच दांडा ओढलाय. माझा माकुलाचा चरक तिच्या हाती मी दिला असता.

आणि कप्तान. तोच नट आहे, विचियन. आपल्यासारखाच म्हातारा झालाय. गळ्याची कातडी लोंबते. पेला उचलताना त्याचा हात थरथरतो आणि ते नाटक नव्हे, तो हात आपल्या वयाचा आहे. तेवढ्यापुरता मी त्याला माफ केलं. मग तो ओकला.

तेव्हा तराजूत घातलं तर एका पारड्यात वादळ, घरघराट, पोरगी आणि एक थरथरता हात, दुसऱ्या पारड्यात बाकी सगळं. तूच तोल.

शुक्रवार, १४ जून

एक नवीनच काळजी. ती आधी कशी सुचली नाही कोण जाणे. हाच सिनेमा मी चाओ फोला कबूल केलाय.

पिकुनला सांगितलं तर ती पीठ मळता मळता थांबली. "म्हणजे मुलगी न बघताच साखरपुडा केलात, बाबा?"

"मला काय ठाऊक ती अशी निघेल!"

"मग दुसरं काहीतरी द्या. डुकराचं मुंडकं द्या, नाच द्या."

"जे बोललो तेच द्यावं लागतं. बदलून दिलं तर चाओ फो बदलून घेतात."

ती पुन्हा पीठ मळायला लागली. तिलाही माहीत आहे. वरच्या आळीतल्या माणसाने नवस बोलून टाळाटाळ केली आणि त्याचा धडधाकट बैल उभ्या उभ्या बसला तो उठलाच नाही.

मग हिया कुआंगकडे गेलो. तुझ्या गाडीचा मालक होता ना, त्याचा मुलगा. आता जत्रेत आणि नवसाला पडदे तोच लावतो. सगळं एका लॅपटॉपमधून दाखवतो. बनियनवर बसून पंखा खात होता.

"हिया, चाओ फोसमोर पडदा लावायचाय. नवीन नभनौका."

"काका, ती अजून थेटरात चालू आहे. आमच्या हातात यायला ऑगस्ट उजाडेल. जुनी लावू? पहिली, दुसरी, म्हणाल ती."

"नवी बोललोय."

"अहो, चाओ फो काय पोस्टर बघतात?"

"तुझा बाप असं बोलला नसता."

"माझा बाप म्हणायचा, देव प्रेक्षकांपेक्षा बरे, उठून जात नाहीत." तो हसला, मग माझं तोंड बघून पंखा माझ्याकडे फिरवला. "बरं बरं. आली की तुमचीच पहिली. बसा, घाम पुसा."

तेव्हा ऑगस्टपर्यंत मी कबूल केलेलं देऊ शकत नाही. आणि दिलं तर देवळीत बसलेल्या म्हाताऱ्या देवाला कवटीतल्या लाह्यांचा सिनेमा देणार. दोन्हीकडून माझंच मरण.

रविवार, २३ जून

ओरतयचा फोन आला होता. बाप कोणाशीच काही बोलत नाही, म्हणाली. पाटी दिली तर लिहीत नाही. मान हलवत नाही. इस्पितळातून गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालंय, बटण दाबलं की त्यातून बोलता येतं. एकदाच लावून बघितलंस म्हणे. त्यातून आवाज आला तो यंत्राचा, सपाट, घुं घुं. तू ते काढून कपाटात टाकलंस.

फोन ठेवल्यावर मी वही उघडली आणि साय मावशीबद्दल काय लिहिलंय ते पुन्हा वाचलं. टूं टूं. मी तुला, तुलाच, हे लिहिलंय. पान फाडायला घेतलं. पण मागच्या बाजूला वादळाचं आणि पोरीच्या हाताचं लिहिलंय, ते जे बरं होतं ते. फाडलं तर तेही जाईल. मग तसंच ठेवलं. तू चिडलास तर चीड. निदान काहीतरी करशील.

ओरतयने आणखी एक सांगितलं. नव्या तपासणीत मानेत काहीतरी दिसलंय. कदाचित पुन्हा कापावं लागेल.

मी विचारलं, "कधी दिसलं?"

"या आठवड्यात, काका."

नवस फेडायला उशीर होतोय, म्हणूनच. पिकुन म्हणते, "तसं काही नसतं, बाबा, ऑपरेशन झालेल्यांचं असं होतं." तिला काय माहीत. मी संध्याकाळी देवळीत जाऊन ऑगस्टपर्यंत मुदत मागितली. उदबत्ती मधेच विझली. वारा नव्हता.

बुधवार, ३ जुलै

आज पिकुनशी भांडलो. तुझ्यावरून.

तिने फोनवर पहिली नभनौका शोधून काढली. फिरंगी भाषेत, खाली आपल्या भाषेतल्या ओळी. माझं मन रमावं म्हणून. चांगल्या मनाने केलं, नाही म्हणत नाही. पण बघतो तो काय, सिनेमा कापलेला! कप्तान लढाईआधी पूड घेतच नाही. साय मावशी टूं टूं करते. चंद्रापाशी कप्तान खिडकीशी उभा राहतो आणि गप्प. पहिल्याच भागात! आणि हातसुद्धा उजवा.

"बघितलंस?" मी म्हणालो. "नवा बिघडवला तो बिघडवला, या लोकांनी आता जुन्यातही हात घातला. आई कापली, पूड कापली, हातसुद्धा फिरवला."

पिकुनने फोन खाली ठेवला. "बाबा, तुम्ही पडद्याच्या मागून बघायचात."

"मग?"

"मागून डावं ते उजवं दिसतं."

"आणि मावशी? मागून मुकी बाई बोलते का?"

"ती विचियनकाकांची होती, बाबा. मावशी, आई, पोट साफ तर नेम साफ, सगळं काकांचं. औषधकंपनीची गाडी आणि कप्तान आकाशात नेमकी त्याच कंपनीची पूड खातो, तुम्हाला कधी काही वाटलं नाही?"

"चांगलं औषध होतं. सगळीकडे जायचं."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मला राग आला. मी म्हणालो, तो तसला माणूस नव्हे. फिरंगी जे बोलले तेच त्याने चाळीस वर्षं आपल्या भाषेत सांगितलं, इमानाने, घसा फाटेपर्यंत. घरचं मीठ मिसळून विकणारा तो नव्हता. तुझ्या काकाला खोटारडा म्हणतेस?

"खोटारडा नाही म्हणाले," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तू तिच्यावर रागावू नकोस. नवीन पिढीला आपली शोधाशोध फार खरी वाटते.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

मधे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं, नुसती काळजी होती, आणि ती तुला वेगळी काय कळवायची.

आज दोन बातम्या. एक, हिया कुआंगकडे नभनौका आली. पुढच्या शनिवारी पडदा लागेल. दुसरी ओरतयकडून. मंगळवारी, वीस तारखेला, तुला पुन्हा कापणार. डॉक्टर म्हणाले, या वेळी मोठं आहे. आणि तू जेवण सोडलंयस. डॉक्टरांना पाटीवर लिहून दिलंस म्हणे, कितीतरी दिवसांतले पहिले शब्द. "पुरे झालं."

पुरे कसं झालं? मंगळवारच्या आधी शनिवार आहे. नवस वेळेत फिटतोय. एवढं तरी ध्यानात घे आणि भाताचे चार घास खा.

रविवार, १८ ऑगस्ट

काल पडदा लागला. माझ्या हातून जे झालं ते तुला सांगायलाच हवं, दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही.

देवळीच्या तोंडासमोर पडदा. पुढे लाल खुर्च्यांची एक ओळ, रिकामी, त्यांच्यासाठी. पिकुनने केळी, उकडलेली अंडी आणि लाल सरबताच्या बाटल्या मांडल्या. मी माकुल भाजून ठेवला, चाओ फो सिनेमाला बसणार आणि माकुल नाही हे मला बरं दिसेना. भातगिरणीतले दोघे-तिघे येऊन गवतात बसले. उदबत्त्या लावून मी सांगितलं, बोललो होतो ते आणलंय, अख्खं आणलंय.

हियाने सुरू केलं. आणि पहिल्याच मिनिटाला तो आवाज आला, शहरात भरलेला, गुळगुळीत, जणू कोणी बँकेच्या फोनवर बोलतंय. कप्तान दामच्या तोंडी! मी बघितलं, देवळीतल्या त्या काळ्या मूर्तीकडे. या देवाने तुला ऐकलंय. वर्षानुवर्षं जत्रेत तुलाच ऐकलंय. मला शरम वाटली.

मी धावत गाडीकडे गेलो. "हिया, बोलणं बंद कर. माईक दे."

"काका, देवाला खोकला ऐकवणार का?"

"दे म्हणतो ना!"

"अहो तुम्हाला येतं का?"

"मी सातही सिनेमे पाठ ऐकलेत. दे."

त्याने दिला. विचियन, माईक किती जड असतो! तू तो इतकी वर्षं कसा धरलास? कप्तान ओकत होता आणि मला काही सुचेना, म्हणून मी म्हणालो, "खराब शिंपले खाल्ले रे, काल बंदरावर." गवतातला एकजण हसला. मग साय मावशीचा दिवा लागला. मला बाईचा आवाज येत नाही, माझ्याच घोगऱ्या आवाजात म्हणालो, "मेल्या, पूड घेतलीस का?" आणि मग ते सुटलंच. नळ फुटल्यासारखं. चंद्र आला. कप्तान खिडकीशी गेला, गप्प. मी म्हणालो, "आई, मीठ पोचतं केलं." माझा आवाज फुटला, पण शब्द बरोबर होते, तुझ्याकडून ऐकलेले, जसेच्या तसे. पिकुन गाडीच्या चाकाशी उभी होती. ती रडत होती, का ते विचारायला वेळ नव्हता.

इथपर्यंत ठीक. इथपर्यंत मी फक्त जे खरं होतं, जे त्यांनी कापून टाकलं होतं, तेच परत घातलं. ते पाप नव्हे.

पण मग शेवट आला. नातवाने बंदूक उचलली. कप्तानाचा तो थरथरता हात पडदाभर दिसला. आणि मला तो कप्तान दिसेना, मला दिसली तुझी पाटी. गोळी सुटली, कप्तान नळीत पडला. बोलायला हवं होतं, "कप्तान मेला." शहरातल्या माणसाने तेच म्हटलंय, मी थेटरात ऐकलंय. मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "लागली नाही! नेम चुकला. खाली पाणी आहे. कप्तान पोहतोय."

हिया कुआंगने वळून माझ्याकडे बघितलं.

पडद्यावर सगळे रडायला लागले. मी म्हणालो, "साय मावशीने कांदे चिरायला घेतलेत, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी." मग पेटी आली, काळी, चकचकीत, आणि तिच्यावर ते हात ठेवून उभे. मी म्हणालो, "ही मिठाची पेटी. कप्तानाच्या आईच्या गावी चाललीय. तो वाटेत चढेल." मग पिल्लू शिंकलं. त्यालाही मी सांगितलं, "गप रे, कप्तान झोपलाय, उठवू नकोस."

पडदा पांढरा झाला. मग गवतातला तो गिरणीवाला उठला आणि मला विचारतो, "काका, कप्तान परत कधी येतो?"

"जरा दम खाऊ दे त्याला," मी म्हणालो.

हिया वायरी गुंडाळत माझ्याजवळ आला. मला वाटलं आता चेष्टा करेल. पण तो एवढंच म्हणाला, "माझ्या बापाची गाडी आठवली, काका." आणि निघून गेला.

घरी आलो आणि तेव्हा धडकी भरली. मी काय केलं? मी चाओ फोला खोटं सांगितलं. तोंडावर. नवस बोलताना अख्खा सिनेमा म्हणालो होतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवट मी बदलून दिला. जिवंत माणूस मेला असं दाखवत होते, मी मेलेला माणूस जिवंत सांगितला. तू चाळीस वर्षांत पदरचा एक शब्द घातला नाहीस, आणि मी पहिल्याच दिवशी माईक हाती आल्यावर कांदे चिरले.

आता तूच सांग, विचियन, हा नवस फिटला की नाही? तुला या कामाची रीत माहीत आहे, मला नाही. हिया म्हणतो, पडद्याची गाडी उद्या रात्रीपर्यंत रिकामी आहे. तू म्हणशील तर पुन्हा लावीन, तोंड मिटून बसेन, शहरातल्या माणसाला बोलू देईन, आणि कप्तानाला त्यांनी मारलंय तसं मरू देईन. कबूल केलं होतं तेवढं देईन.

पण सोमवारी त्याला मारायचं आणि मंगळवारी तुला आत न्यायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

पिकुन आत्ताच्या गाडीने ही वही घेऊन बँकॉकला निघतेय, रात्री तुझ्या हातात देईल. पाटीवर लिही. लिहायचं नसेल तर मान हलव, ओरतय फोन करेल, मी फोन उशाशी घेऊन बसतो. ते घुं घुं यंत्र लावलंस तरी मला चालेल, मी ऐकेन. कप्तानाला मारू की राहू देऊ, एवढंच कळव. लवकर कळव.